उभ्या कॅम्परमधला ट्रॅकर गप्प होतो? आधी दिवस मोजा

कॅम्पर (आत राहण्याची सोय केलेली गाडी) फिरत असते तोवर तिच्यातला जीपीएस ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते फोनवरच्या ॲपमध्ये दाखवणारं यंत्र) गुणी बाळासारखा वागतो. ठिपका पुढे सरकतो, वेग दिसतो, किल्ली काढली की ‘इंजिन बंद’ असा निरोपही येतो. मग गाडी शेडमध्ये लावून आपण घरी येतो आणि काही दिवसांनी ॲप उघडावं तर ठिपका राखाडी. ऑफलाइन. दीड तास गाडी चालवत तिथे जायचं, कॅम्परला सेल्फ मारायचा आणि पाच मिनिटांत ट्रॅकर काही झालंच नाही अशा थाटात परत बोलायला लागतो.

गंमत अशी की चोर उभी गाडीच नेतो. म्हणजे ज्या वेळी या यंत्राची गरज आहे, नेमक्या त्याच वेळी ते झोपलेलं. माझ्याकडे हे सात-आठ महिन्यांत चार वेळा झालं आणि चारही वेळा मी एकच निदान केलं: रेंज नसेल. तीन वेळा साफ चुकलो, चौथ्यांदा अर्धा. तीच चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, आतून कॅम्पर करून घेतलेली. टपावर १६५ वॉटचे दोन सोलर पॅनेल, सीटखाली १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम बॅटरी (पंखा, दिवे, फ्रिज तिच्यावर) आणि इंजिनची वेगळी ७५ एएचची साधी बॅटरी. पुण्यात आमच्या सोसायटीत एवढ्या उंच गाडीला जागा नाही, म्हणून ती पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्यालगत एका मित्राच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये असते. रखवालदार काका आहेत, पण तेही रात्री घरी जातात. कॅम्परवाल्या बहुतेकांची गत थोड्याफार फरकाने अशीच असते. रोज वापरायची गाडी नव्हे, महिना महिना एका जागी उभी राहणारी. बाजारात मिळणारे ट्रॅकर मात्र ट्रक-टॅक्सीवाल्यांच्या हिशोबाने बनवलेले असतात, म्हणजे रोज धावणाऱ्या आणि रोज चार्ज होणाऱ्या गाडीसाठी. दुखण्याचं मूळ इथे आहे.

पाना हातात घेण्याआधी

डॅशबोर्ड उघडू नका. सिम बदलू नका. ॲपमध्ये जुनी नोंद काढा आणि दोन गोष्टी कागदावर लिहा. गाडी उभी केल्यापासून नेमक्या किती दिवसांनी ट्रॅकर गप्प झाला, आणि गप्प होताना शेवटच्या निरोपात बॅटरीचे व्होल्ट किती होते. बहुतेक ॲपमध्ये हे ‘एक्स्टर्नल व्होल्टेज’ किंवा नुसतं ‘पॉवर’ या नावाने कुठेतरी आत लपलेलं असतं. सापडेपर्यंत शोधा.

माझ्या अनुभवात दिवसांचा आकडाच निम्मं निदान करून टाकतो. काही तास ते दोन दिवस असतील तर ट्रॅकरला गाडीची वीज पोचतच नाही, तो स्वतःच्या पोटातल्या छोट्या सेलवर तग धरतोय. आठ ते पंधरा दिवस असतील तर बॅटरी हळूहळू उतरतेय. शेवटच्या रिचार्जपासून बरोबर २८ किंवा ८४ दिवस असतील तर हसा आणि रिचार्ज मारा. ट्रॅकर घेऊन बरोबर एक वर्ष झालं असेल तर विकणाऱ्याची सर्व्हरची वार्षिक फी संपलीये. आणि गाडी लावल्या लावल्या, त्याच जागी, दर वेळी गप्प होत असेल तर मग सिग्नलकडे वळा. त्याआधी नाही.

एक खाचखळगा आधीच सांगतो. ट्रॅकरचं घड्याळ कधी कधी भारतीय वेळेवर लावलेलंच नसतं आणि सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे दिसतात. माझा एक निरोप ‘रात्री साडेनऊ’चा होता, म्हणजे प्रत्यक्षात पहाटे तीनचा. रात्री कोण आलं होतं म्हणून मी काकांची उलटतपासणी घेतली. बिचारे.

अकराव्या दिवसाचं दुखणं

पहिली खेप. गाडी लावली, अकराव्या दिवशी शांतता. ज्याने ट्रॅकर बसवला त्या फिटरला फोन केला. “साहेब, तिकडं डोंगरात रेंज नसंल,” तो म्हणाला. मला पटलं. जाऊन गाडी सुरू केली, सेल्फ जरा जड फिरला, पण फिरला. पावसाळी हवा आहे, बॅटरी चार वर्षांची आहे, असं म्हणून सोडून दिलं.

तो जड सेल्फ हाच पुरावा होता आणि मी तो कानाआड केला.

शेवटच्या निरोपातले व्होल्ट पाहिले असते तर तिथेच समजलं असतं. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा हिशोब सोपा आहे. गाडी काही तास बंद असताना १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. माझ्या नोंदीत रोज थोडी थोडी घसरण होती: १२.६, १२.५, १२.३... अकराव्या दिवशी ११.८. माझ्या यंत्रात अशी सेटिंग होती की गाडीची बॅटरी ११.८च्या खाली गेली की तिची वीज घेणं थांबवायचं आणि आतल्या सेलवर जायचं. तो सेल पुढे काही तासांत संपला. ट्रॅकर बिघडला नव्हता, उपाशी होता.

आता एवढी वीज जात कुठे होती? हे मोजायला मल्टिमीटर हवा, तीन-चारशे रुपयांचाही चालतो. सगळे दरवाजे लावा, किल्ली काढा, अर्धा तास थांबा, कारण हल्लीच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाहीत. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटलेली वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल आणि स्वस्त मीटर असेल तर अख्खा मीटरच.

माझा आकडा आला ११८ मिलिअँपिअर. दिसायला किरकोळ. पण २४ तासांनी गुणा: दिवसाला २.८ एएच. अकरा दिवसांत ३१. नव्या ७५ एएचच्या बॅटरीने हे सोसलं असतं. चार वर्षांच्या बॅटरीत नावावर ७५ असलं तरी पोटात तेवढं उरलेलं नसतं.

मग ट्रॅकरच्या लाल वायरवरचा छोटा फ्यूज काढून त्याच जागी मीटर लावला. एकटा ट्रॅकर ६२ मिलिअँपिअर खात होता. उभ्या गाडीत. ॲप उघडून नीट पाहिलं तर कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘इग्निशन ऑन’. किल्ली माझ्या खिशात होती!

उलगडा असा. बहुतेक वायरवाल्या ट्रॅकरना किमान तीन वायर असतात: कायम पॉझिटिव्ह (लाल), निगेटिव्ह आणि तिसरी ‘एसीसी’, जी फक्त किल्ली फिरवल्यावर वीज येणाऱ्या लाइनला जोडायची असते. तिच्यावरून ट्रॅकर ओळखतो की गाडी चालू आहे की बंद. आमच्या फिटरने वेळ वाचवायला ती तिसरी वायर लालबरोबरच पिळून टेप मारली होती. त्यामुळे ट्रॅकरच्या लेखी माझी गाडी अकरा दिवस अखंड चालू होती. तो झोपायला गेलाच नाही, दर तीस सेकंदांनी इमानदारीत निरोप पाठवत राहिला आणि स्वतःचीच बॅटरी खाऊन मेला.

एसीसी वायर योग्य जागी जोडली, झोपेची सेटिंग चालू केली (उभी गाडी असताना तासातून एक निरोप, हलली की लगेच जाग) आणि ट्रॅकरची भूक ६२वरून ६ मिलिअँपिअरवर आली. म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढून ठेवायला लागलो, तिथे आणखी २८ वाचले. आता गाडीचा एकूण खप ३४. म्हणजे महिन्याला २५ एएचच्या आत.

तुमच्या गाडीत हे तपासायला मीटरही लागत नाही. किल्ली काढा, दहा मिनिटं थांबा, ॲपमध्ये इग्निशन काय दाखवतंय ते बघा. चालू दाखवत असेल तर हेच दुखणं.

याच्या उलट चूकही होते. लाल वायरच किल्लीच्या लाइनला जोडतात. मग किल्ली काढली की ट्रॅकरचा पुरवठाच बंद आणि सगळी मदार आतल्या सेलवर. तो नवा असताना काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. दोन उन्हाळे बंद गाडीत भाजून निघाल्यावर तासभरही टिकत नाही. विकणाऱ्यांनी ‘बॅटरी बॅकअप’ म्हणून कितीही कौतुक केलं तरी त्याच्या भरवशावर गाडी सोडू नये. चोराने वायर कापली तर शेवटचा एक निरोप जाण्यापुरता तो असतो.

दोन दिवसांत गप्प: मेन स्विच

दुसऱ्या खेपेला दोष सर्वस्वी माझा. बॅटरी उतरते म्हणून मी शहाणपणा करून बॅटरीजवळ कटऑफ स्विच बसवून घेतला. गाडी लावली की स्विच फिरवायचा, सगळं बंद, बॅटरी सुरक्षित. ट्रॅकरही बंद, हे डोक्यात आलं नाही.

कॅम्परवाल्यांमध्ये ही चूक सर्रास आहे, कारण गाडी महिनाभर उभी करताना मेन स्विच बंद करा असंच सगळे शिकवतात. ते बरोबरच आहे. फक्त ट्रॅकरची वायर स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज लावून घ्यायची. फ्यूज टर्मिनलच्या जवळ हवा, ट्रॅकरच्या जवळ नव्हे. वायर मध्ये कुठे घासून पत्र्याला लागली तर आग फ्यूजच्या आधीच्या तुकड्यात लागते.

एक अडचण मात्र उरते. बॉनेट उघडणाऱ्या चोराला टर्मिनलवरून निघालेली ती एकटी बारीक वायर लगेच दिसते. मी ती गाडीच्याच वायरींच्या जुडग्यात घालून, त्याच रंगाच्या काळ्या टेपने गुंडाळून नेली आहे.

दुसरा पर्याय म्हणजे ट्रॅकर राहत्या भागाच्या लिथियम बॅटरीवर टाकणं. ती मोठी असते, वर सोलर असतो, आणि चोराचं लक्ष आधी इंजिनच्या बॅटरीकडे जातं. पण इथे शेवटच्या व्होल्टवरून निदान करायला जाल तर फसाल. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३च्या आसपासच व्होल्ट दाखवत राहते आणि मग एकदम तिचं आतलं संरक्षण सर्किट वीज तोडतं. ॲपमध्ये आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं उत्तम आणि सकाळी काहीच नाही. इन्व्हर्टर चालू राहिला असेल तर नुसत्या रिकाम्या चालण्यातच तो ट्रॅकरच्या कैक पट वीज खातो. तो आधी बंद करा. आणि पत्र्याखाली उभ्या गाडीच्या टपावरचा सोलर ही नुसती शोभेची वस्तू आहे, हेही लक्षात असू द्या.

अठ्ठावीस दिवस

यावर फार लिहिण्यासारखं नाही. ट्रॅकरमधलं सिम प्रीपेड होतं, प्लॅन २८ दिवसांचा. कॅलेंडरच्या महिन्याची सवय असलेल्या माणसाला हा २८चा हिशोब कायम चकवतो. आता वर्षाचा रिचार्ज मारतो.

पण त्यातली एक पुढची पायरी धोक्याची आहे. प्रीपेड सिम सलग ९० दिवस काहीच वापर न होता पडून राहिलं आणि त्यात शिल्लक नसेल तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंतर तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. मग रिचार्ज करूनही काही होत नाही.

काही ट्रॅकरमध्ये १३ आकडी नंबरचं सिम येतं. ते यंत्रांसाठीचं, एम-टू-एम सिम. त्याचा रिचार्ज आपल्या हातात नसतो, विकणाऱ्याच्या हातात असतो. अशा वेळी ‘वर्षाची फी किती, आणि तुम्ही दुकान बंद केलंत तर सिमचं काय’ हे विकत घेण्याआधी विचारावं. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

आता खरोखर रेंज

चौथी खेप सगळ्यात चक्रावून टाकणारी. वायरिंग नीट, रिचार्ज नीट, व्होल्ट १२.५. तरी शेडमध्ये शिरलं की ठिपका थिजायचा. बाहेर काढली की दहा मिनिटांनी परत.

इथे दोन वेगळी रेंज आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ट्रॅकरला जागा कळते उपग्रहांकडून आणि ती जागा तो आपल्याला कळवतो मोबाइल टॉवरवरून. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटर उंचीवर असतात, त्यांचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. पत्र्याच्या पार तो जात नाही. प्लॅस्टिक, फायबर, साधी काच, प्लायवुड यांतून जातो. मोबाइलचा सिग्नल मात्र बळकट, उघड्या बाजूच्या शेडमध्येही तो शिरतो.

तेव्हा पाहायचं हे: निरोप येतायत पण जागा जुनीच आहे, उपग्रहांची संख्या शून्य किंवा दोन-तीन दाखवतेय, तर जीपीएस अडलंय. निरोपच येत नाहीत, तर टॉवर नाहीतर वीज. आणि टॉवर की वीज हे ओळखायची एक छान खूण आहे. बरेच ट्रॅकर रेंज नसताना नोंदी साठवून ठेवतात आणि रेंज आली की एकदम पाठवतात. गाडी बाहेर काढल्यावर मधल्या दिवसांच्या नोंदी मागाहून भरल्या गेल्या तर यंत्र जिवंत होतं, फक्त बोलायला टॉवर नव्हता. मधली जागा रिकामीच राहिली तर वीज गेली होती. मला हे आधी माहीत असतं तर दोन फेऱ्यांचं डिझेल वाचलं असतं.

माझ्याकडे निरोप येत होते, उपग्रह शून्य. शेडचा दोष म्हणावा तर उघड्यावर उभी करूनही तीन-चारच उपग्रह मिळायचे. शेवटी ट्रॅकर लपवला होता तिथली प्लायची फळी काढली आणि कपाळावर हात मारला. कॅम्पर करताना उन्हापासून बचाव म्हणून भिंतींना आणि टपाला आतून चांदीच्या कागदाचा फोम चिकटवतात. तो कागद ॲल्युमिनियमचा. मी ट्रॅकर ठेवला होता गाडीचा पत्रा आणि तो फोम यांच्या मधोमध. फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलेल्या पोळ्यांसारखी अवस्था. एवढं चांगलं लपवलं की उपग्रहांनाही सापडेना.

आता तो फोमच्या आतल्या बाजूला, एका मोठ्या खिडकीच्या वरच्या प्लॅस्टिक पट्टीमागे आहे, यंत्राचा तोंडाचा भाग आकाशाकडे. बरोबर जागा लिहीत नाही, कारण उघड आहे. काचेला सनफिल्म लावली असेल तर तीही तपासा, धातूचा थर असलेली फिल्म सिग्नल अडवते. ओबीडीच्या खाचेत (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात ती) बसणारे ट्रॅकर रेंजच्या दृष्टीने ठीक असतात, पण ती खाच स्टीअरिंगखाली असते हे चोराला तुमच्या आधी ठाऊक असतं. ग्लोव्हबॉक्स, सीटखालची जागा, बॅटरीची पेटी यांनाही तेच लागू.

टॉवरबद्दल एकच. स्वस्त ट्रॅकर अजूनही फक्त टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही. त्यामुळे टूजी ट्रॅकरमध्ये जिओचं सिम घातलं तर ते शहरातही चालणार नाही, घाटाचं सोडाच. उलट काही दऱ्याखोऱ्यांत फोरजीचाच एक टॉवर असतो. फोरजी असलेला आणि गरज पडली तर टूजीवर उतरणारा ट्रॅकर घ्या, आणि गाडी जिथे उभी राहते तिथे आपल्या फोनवर कोणत्या कंपनीच्या किती कांड्या येतात हे बघून सिम निवडा. पुण्यात घरी बसून निवडू नका.

मधूनच जातो, मधूनच येतो

कुठलाच हिशोब लागत नसेल तर उंदीर. हसू नका. पावसाळ्यात शेडमधली उभी गाडी म्हणजे त्यांच्यासाठी कोरडा बंगला. मित्राच्या गाडीत ट्रॅकरची निगेटिव्ह वायर अर्धी कुरतडलेली निघाली. खड्ड्यात आपटली की जोडली जायची, उभी राहिली की सुटायची. वायरवर नालीदार नळी चढवा. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या हे उपाय सगळे करतात, मीही करतो, उंदीरही त्यांचं काम करतात.

उंदीर नसेल तर निगेटिव्हचा नटबोल्ट पाहा. रंग दिलेल्या पत्र्यावर थिम्बल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसलं असेल तर संपर्क कच्चा राहतो. रंग खरवडून कसायचं. आणि ताम्हिणीसारख्या पावसात सिमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर चढतो. खोडरबराने हलक्या हाताने पुसा.

खोटे इशारे

गाडी जागची हलली नाही आणि फोनवर ‘वाहन हद्दीबाहेर’ असा इशारा. रात्री दोन वाजता. पहिल्यांदा झोप उडते, दहाव्यांदा माणूस इशाराच बंद करतो, आणि ते सगळ्यात वाईट. सिग्नल कमजोर असला की ठिपका आपल्या आपण ४०-५० मीटर भटकतो, भिंती-डोंगरांवरून परावर्तित झालेल्या सिग्नलमुळे जास्तच. ॲपमध्ये गाडीभोवती आखलेलं हद्दीचं वर्तुळ ५० मीटरचं ठेवलं असेल तर २५०चं करा. हादऱ्याचा इशारा वेगळा ठेवा आणि त्याची संवेदनशीलता कमी करा. आमच्या शेडच्या पत्र्यावर माकडं उतरली तरी तो वाजायचा.

रिले काढून टाका

ट्रॅकरबरोबर ‘मोबाइलवरून इंजिन बंद करा’ म्हणून रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) देतात. माझं मत: कॅम्परला नको. एवढी जड गाडी घाटात उतरताना इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, स्टीअरिंग दगड होतं. चोर मेला तर मेला असं म्हणायचं नाही, समोरून एसटी येत असते. वेग अगदी कमी झाल्यावरच तोडणारे रिले असतात, पण ते नीट बसवणारा फिटर सापडायला हवा, आणि वर सांगितलेला फिटर तुम्ही पाहिलात. शिवाय रिले स्वतः बिघडला की मुक्कामाच्या जागी आपलीच गाडी सुरू होत नाही.

दुसरा ट्रॅकर आणि रंगीत तालीम

सिग्नल दाबून टाकणारं जामर नावाचं यंत्र बाळगणं आपल्याकडे सामान्य माणसाला बेकायदा आहे, पण चोर परवाना काढून येत नाही. जामर चालू असेल तर उत्तमातला उत्तम ट्रॅकरही मुका होतो. म्हणून माझ्याकडे दुसरा एक आहे: वायर नसलेला, स्वतःच्या बॅटरीवरचा, दिवसातून एकदाच जागा होऊन निरोप देणारा. पहिला सापडला की चोर शोध थांबवतो, अशी माझी आशा आहे. तो चार्ज करायचं विसरू नये म्हणून त्याची तारीख मी गाडीच्या सर्व्हिसिंगशी न जोडता दिवाळी आणि होळीशी जोडली आहे.

एअरटॅगसारखी बटणं काही जण टाकतात. शहरात उपयोगी, कारण ती आजूबाजूच्या लोकांच्या फोनच्या जिवावर जागा कळवतात. प्लॉटवर आजूबाजूला फोन म्हणजे काकांचा साधा कीपॅडवाला. आणि अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा इशारा चोराच्या स्वतःच्या फोनवर जातो. माणसांचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे आणि ती योग्यच आहे. त्याच न्यायाने, गाडी भाड्याने देत असाल तर आत ट्रॅकर आहे हे भाडेकरूला सांगा. कुठे आहे ते सांगू नका.

सगळं दुरुस्त झाल्यावर आम्ही चोरीची तालीम केली. मित्राला किल्ली दिली आणि म्हटलं, “मला न सांगता कधीही ने.” त्याने गुरुवारी दुपारी नेली. हलल्याचा इशारा मला दीड मिनिटात आला, ताम्हिणीत शिरल्यावर ठिपका थांबला, मी घामाघूम, आणि पंचवीस मिनिटांनी तो माणगावच्या बाजूला उगवला, मधला सगळा रस्ता मागाहून भरून. घाटात रेंज नाही, यंत्र जिवंत. बरोबर अपेक्षेप्रमाणे. मग दोन दिवस मी त्याला ट्रॅकर शोधायला लावला. ओबीडी, डॅशबोर्ड, बॅटरी, सीट. सापडला नाही. बक्षीस म्हणून मिसळ ठरली होती, ती मला मिळाली.

तालमीत जे करून पाहता येत नाही ते लिहून ठेवा आणि घरच्यांनाही द्या. इशारा खरा निघाला तर ११२, गाडीचा नंबर, चासी नंबर, रंग, आणि अक्षांश-रेखांशाचा स्क्रीनशॉट. ॲपचा पासवर्ड पोलिसांना देण्यापेक्षा ‘लाइव्ह शेअर’ची लिंक द्या. एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या चोरीच्या कलमांखाली होईल. गाडी कुठूनही गेली तरी जवळच्या ठाण्यात शून्य एफआयआर घेता येतो. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. ठिपक्यामागे स्वतः जाऊ नका, मित्रांना घेऊनही नाही. आणि ठिपका कुठेतरी येऊन दिवसभर स्थिर राहिला तर गाडी सोडून पळाले असं समजू नका. चोरलेली गाडी एक-दोन दिवस आडबाजूला लावून, शोधत कुणी येतं का ते पाहण्याची पद्धत जुनी आहे.

विम्यात सवलत मिळेल या आशेने कुणी हे करत असेल तर: एआरएआय (वाहनांची तपासणी करणारी पुण्यातली संस्था)-मान्य चोरीरोधक यंत्राला जुन्या दरपत्रकात ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, एवढीच तरतूद आहे. बाजारातल्या बऱ्याच ट्रॅकरकडे ती मान्यताच नसते. घेण्याआधी प्रमाणपत्र मागा.

सध्या गाडी उभी राहून चोविसावा दिवस आहे. सकाळचा निरोप: १२.४ व्होल्ट, नऊ उपग्रह, इग्निशन बंद. शेडच्या उघड्या बाजूला तोंड करून लावतो आता. रविवारी जाऊन अर्धा तास इंजिन चालवणार आहे आणि काकांनी सांगितलंय की बॉनेटखाली काहीतरी खुडबुडतंय, तेही बघणार आहे.